एसी चालू आहे, पण गारवा नाही: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो आणि घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंत घरगुती एसीची दुरुस्ती करतो. मार्च संपत आला की फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात आणि शिडीवर उभं राहून घाईघाईत अर्धवट उत्तर द्यावं लागतं. म्हणून गेल्या काही उन्हाळ्यांतले मेसेज चाळून हे लिहून काढलं. प्रश्न शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान पहिला आणि नववा प्रश्न वाचा. लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

१. दादा, एसी चालू आहे, वारा येतोय, पण खोली गारच होत नाही. तुम्हाला बोलावण्याआधी मी स्वतः काय बघू?

आधी रिमोट बघा, मग हवा, मग वीज. गॅसचा विचार सगळ्यात शेवटी.

रिमोटच्या पडद्यावर बर्फाच्या कणाचं चिन्ह हवं. लहान मुलांच्या हातून मोड बदलून 'फॅन' किंवा 'ड्राय' झालेला मी दर आठवड्याला बघतो. हल्लीच्या एसींमध्ये 'कन्व्हर्टिबल' नावाचं बटण असतं. ते चुकून ४० टक्क्यांवर गेलं की दीड टनाचा एसी अर्ध्याहून कमी ताकदीने चालतो आणि घरातल्या कोणाच्या लक्षातही येत नाही. 'इको' आणि 'स्लीप'सुद्धा बंद करून बघा.

मग पुढचं झाकण उघडून जाळी काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर अर्धं कारण तिथेच सापडलं (प्रश्न ३).

त्यानंतर आउटडोअर, म्हणजे भिंतीबाहेरचा डबा. एसी बंद करून लगेच चालू केला असेल तर कंप्रेसर (त्या डब्यातला, गॅस दाबून फिरवणारा पंप) साधारण ३ मिनिटं मुद्दाम थांबतो, तेवढं थांबा. मग आउटडोअरचा पंखा फिरतोय का आणि त्यातून येणारा वारा चांगला गरम आहे का, ते बघा. खोलीतली उष्णता तिथूनच बाहेर पडत असते. पंखा फिरतोय पण वारा बाहेरच्या हवेइतकाच असेल, तर कंप्रेसर चालत नाही (प्रश्न १२ आणि १३). हे सगळं गॅलरीतून किंवा खिडकीतून हात सहज पोहोचत असेल तरच करा. ग्रिलबाहेर वाकून आउटडोअरला हात लावायला जाऊ नका. ते काम कमरेला बेल्ट बांधणाऱ्या माणसाचं आहे, आणि तो बेल्ट न बांधता बाहेर उतरायला लागला तर त्यालाही थांबवा.

२. एसी नीट गार करतोय की नाही, हे घरच्या घरी मोजता येतं का?

येतं. खोलीचं तापमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. एसी कूल मोडवर, पंखा जोरात, तापमान सगळ्यात खाली, दारं-खिडक्या बंद करून १५ ते २० मिनिटं चालू द्या. मग इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथलं तापमान घ्या आणि खालच्या फटीतून बाहेर येणाऱ्या हवेचं घ्या. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. मग दोष खोलीत शोधायचा (प्रश्न ५ आणि १८).

फरक ४-५ अंशच असेल तर मशीनमध्ये गडबड आहे. मात्र हवा खूप दमट असली की फरक थोडा कमी येतो, आणि इन्व्हर्टर एसीत २४ वर ठेवून मोजलं तर आकडा फसवतो (प्रश्न १४). म्हणूनच मोजताना तापमान खाली आणायचं.

ड्रेनच्या पाइपातून पाणी किती पडतंय तेही बघा. आपल्याकडे मे महिन्यात चालू एसीचं पाणी धार धरून पडतं. बादली कोरडी राहिली तर कॉइल, म्हणजे इनडोअरमधला गॅसच्या तांब्याच्या नळ्यांचा भाग, गार होतच नाही, असं समजा.

३. जाळी किती दिवसांनी धुवायची? मी तर महिन्यातून एकदा धुते, तरी वारा कमीच येतो.

एसी रोज चालत असेल तर पंधरा दिवसांनी. घोडबंदर रोडला मेट्रो ४च्या कामाशेजारी, किंवा खारघर-उलव्यात नवी बांधकामं चालू आहेत तिथे, आठवड्यानेच धुवा. साध्या पाण्याने, मऊ ब्रशने, आणि सावलीत पूर्ण वाळवून. ओली जाळी लावली की दोन दिवसांत कुबट वास सुरू होतो.

जाळी स्वच्छ असूनही वारा कमी येत असेल तर ब्लोअर बघावा लागतो. खालच्या फटीतून टॉर्च मारा. आत आडवा, लांब, उसाच्या चरकाच्या लाटेसारखा गोल पंखा दिसेल. त्याच्या बारीक पात्यांच्या पोटात धूळ आणि ओल मिळून घोंगडीच्या तुकड्यासारखा थर बसतो. पात्याची खोलगट बाजू भरून सपाट झाली की ते हवा पकडूच शकत नाही. मोटर तितक्याच वेगाने फिरते, आवाजही येतो, पण वारा येत नाही. मागच्या मे महिन्यात नेरुळला एका ब्लोअरमधून ओंजळभर राखाडी चिखल निघाला. त्या घरी आधी येऊन गेलेल्या माणसाने गॅस कमी आहे असं सांगितलं होतं. ब्लोअर आणि कॉइल धुतल्यावर एसी पहिल्यासारखा चालायला लागला, गॅसला हात लावावा लागला नाही.

वर्षातून एकदा पाण्याच्या पंपाने पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या, शक्यतो फेब्रुवारीत. पाणी मारण्याआधी पीसीबी (एसी चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड) आणि मोटरची बाजू प्लास्टिकने झाकली आहे ना, तेवढं उभं राहून बघा.

४. १६ वर ठेवलं की लवकर गार होतं ना?

नाही. साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी १६ वर असो की २४ वर, कंप्रेसर एकाच ताकदीने चालतो, आकडा फक्त कधी थांबायचं ते सांगतो. इन्व्हर्टर एसीसुद्धा खोली ३३ अंश असताना २४ वर ठेवला तरी सुरुवातीला जोरातच धावतो. १६ वर ठेवल्याने तो थांबत किंवा मंदावत नाही, एवढंच, आणि बिल वाढतं. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे स्टार लेबल देणारी सरकारी संस्था सांगते. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींत सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक झालं ते त्याच कारणाने. २४-२५ आणि वर मंद पंखा, हे आपल्या हवेला उत्तम.

५. दुपारी २ ते ६ खोली तापलेलीच असते, रात्री ११ नंतर मात्र छान गार होते. मग एसी बिघडला की नाही?

बहुतेक वेळा एसी ठीक असतो, दुपारचा भार त्याच्या आवाक्याबाहेर जातो.

टन म्हणजे काय हे इथे सांगतो, कारण लोक ते मशीनचं वजन समजतात. अमेरिकी टन म्हणजे ९०७ किलो. एवढा बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून ओढण्याची क्षमता म्हणजे १ टन. किलोवॅटमध्ये साधारण साडेतीन. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅट. शिवाय ही क्षमता बाहेर ३५ अंश धरून ठरवलेली असते. बाहेरची हवा त्याहून तापली की ती कमी होते. जाहिरातीत '५२ अंशांतही चालतो' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मशीन तेव्हा बंद पडणार नाही. तेवढाच गारवा देईल, असं त्यात म्हटलेलं नाही.

आता तुमची खोली बघा. पश्चिमेची भिंत, जमिनीपर्यंत काचेची सरकती खिडकी, वर गच्चीचा स्लॅब. यांतलं एक जरी असेल तर १२० चौरस फुटांना १ टन हा नेहमीचा हिशोब चुकतो. सिडकोच्या जुन्या इमारतींत शेवटच्या मजल्यावर रात्री ९ वाजता छताला हात लावून बघा, तवा उतरवल्यावर राहतो तसा गरम लागतो. अशा ठिकाणी एसी बदलण्याआधी काचेबाहेर चिक किंवा सावलीची जाळी लावा. ऊन काच ओलांडून आत आल्यावर जाड पडद्याचा उपयोग अर्धाच होतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग लावायला सोसायटी तयार झाली तर फारच चांगलं. आणि एसी दुपारी १ वाजताच लावा, भिंती तापल्यावर ४ वाजता नको.

याशिवाय दोन कारणं असू शकतात: आउटडोअरची जागा (प्रश्न ६) आणि दुपारचं कमी व्होल्टेज (प्रश्न १३).

६. सोसायटीचा नियम आहे, आउटडोअर डक्टमध्येच लावायचा. त्याने कूलिंगवर परिणाम होतो का?

होतो, आणि टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या तक्रारींचं हे मोठं कारण आहे.

डक्ट म्हणजे चारही बाजूंनी भिंतींची उभी विहीर. वीस मजल्यांचे आउटडोअर तिथे गरम हवा सोडतात. गरम हवा वर चढते, म्हणून चौथ्या मजल्याने सोडलेली उष्णता अकराव्या मजल्याचा एसी पुन्हा आत ओढतो. बाहेर रस्त्यावर ३५ अंश असताना मे महिन्याच्या संध्याकाळी ७ वाजता एका डक्टमध्ये आउटडोअरच्या मागे मी थर्मामीटर धरला होता, तो ४६ दाखवत होता. अशा वेळी कंप्रेसर तापून स्वतःला वाचवायला बंद पडतो, १०-१५ मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. घरात वाटतं, एसी थोडा वेळ गार करतो आणि मग नुसताच वारा देतो.

काय करता येईल? आउटडोअरच्या मागे भिंतीपासून किमान ६ इंच जागा हवी, समोर ३-४ फूट मोकळं. दोन आउटडोअर तोंडाला तोंड लावून बसवू नयेत, एकाची गरम फुंकर दुसऱ्याच्या तोंडात जाते. वरून पाऊस लागू नये म्हणून काही जण पत्र्याचं खोकं करतात. ते खोकं काढा, आउटडोअर पावसात भिजण्यासाठीच बनवलेला असतो. गॅलरीत ठेवला असेल तर त्याच्यापुढे चादरी वाळत घालू नका. आणि डक्टचं वरचं तोंड जाळी-पत्र्याने बंद केलं आहे का, हे सचिवांना गच्चीवर नेऊन दाखवा. ते उघडल्यावर संपूर्ण विंगची तक्रार कमी झालेली मी वर्तकनगरात बघितली आहे.

७. आउटडोअरच्या मागे कबुतरांनी घरटं केलंय. त्याचा काही त्रास?

काड्या, पिसं आणि विष्ठा कॉइलच्या फटींत बसते, हवा अडते आणि विष्ठा धातू खाते. पिल्लं उडून गेल्यावर नाक-तोंड बांधून साफ करा, आधी पाणी मारून ओलं करा म्हणजे कोरडी धूळ छातीत जाणार नाही. जाळी लावायची तर मोठ्या भोकांची, आणि मशीनला न चिकटवता. बारीक जाळी गुंडाळली तर कबुतरांपेक्षा तीच जास्त हवा अडवते.

८. इनडोअरच्या आत चक्क बर्फ जमलाय! म्हणजे एसी जास्तच गार करतोय का?

उलट आहे. बर्फ जमला की हवा आरपार जात नाही, त्यामुळे खोली गरम राहते. कारणं मुख्यतः दोन: कॉइलवरून जाणारी हवा कमी झाली (प्रश्न ३), नाहीतर गॅस कमी झाला (प्रश्न ९).

बर्फ चाकूने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं की साधा प्रश्न पूर्ण कॉइल बदलण्यावर जातो. फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा, खाली टॉवेल अंथरा, सगळं वितळू द्या. जाळी धुवा आणि पुन्हा कूलवर लावा. परत बर्फ आला तर तो कुठे आला ते बघून फोटो काढा. पूर्ण कॉइलवर सारखा पसरला असेल तर बहुधा हवेचा दोष असतो. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात, किंवा आउटडोअरला जोडलेल्या बारीक पाइपावर पांढरं दव गोठलं असेल तर गॅसवर संशय घ्यायला जागा आहे. हा एक फोटो मेकॅनिकला पाठवलात तर त्याचा एक फेरा वाचतो.

९. गॅस दर वर्षी भरावा लागतो का? आमचा नेहमीचा माणूस दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' म्हणतो.

नाही. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो, पुन्हा आत येतो. दहा वर्षं चाललेल्या एसीत पहिल्या दिवशीचा गॅस तसाच असू शकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

कोपरखैरण्याच्या एका शिक्षक दांपत्याने दोन वर्षांत तीनदा गॅस भरून घेतला होता. तिन्ही वेळा येणाऱ्याने मीटर लावला, आकडा कमी आहे म्हणून दाखवला, भरला आणि पैसे घेऊन गेला. मी इनडोअर भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि मागच्या जोडावरचं काळं फोम उलगडलं. पितळी नटाभोवती बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळी कड तयार होते, हीच गळतीची खूण. भांडी घासायच्या साबणाचा फेस लावला. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. पाइपाचं तोंड बसवताना ते एका बाजूला चिरलं गेलं होतं. तेवढा तुकडा कापून नवीन तोंड केलं, अर्ध्या तासाचं काम. त्याला आता तीन उन्हाळे झाले. ताईंनी तिन्ही बिलं जपून ठेवली होती, ती बघून मला फार वाईट वाटलं.

तेव्हा 'गॅस कमी आहे' असं कोणी म्हणाला तर एकच विचारा: 'गळती कुठे आहे, ते मला दाखवा.' भरतानाची पद्धत प्रश्न ११ मध्ये आहे.

१०. आम्ही ऐरोलीला खाडीच्या बाजूला राहतो. दोन वर्षांतच कॉइल लीक झाली. बहिणीकडे डोंबिवलीला आठ वर्षं काही नाही. हे कसं?

खाडीची हवा. भरतीच्या खारट दमटपणाबरोबर तिवरांच्या चिखलातून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायू. तो तांब्याला काळं करतो आणि हळूहळू खातो. ओळखायला सोपी खूण आहे: देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं किंवा पैंजण घासल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा काळी पडत असतील, तर तुमच्या एसीच्या तांब्याचंही तेच होतंय. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूरच्या खाडीकाठच्या सोसायट्या आणि ठाण्यात कोपरीकडची घरं इथे मला हे सारखं दिसतं. नाल्यावर उघडणाऱ्या खिडक्या असल्या की जास्तच.

कंपनीचा निळा किंवा सोनेरी लेप पाहून निश्चिंत होऊ नका. बहुतेक एसींत तो अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर असतो. तांब्याच्या नळीची दोन्ही टोकांची वळणं उघडीच असतात आणि गळती तिथूनच सुरू होते. घेताना वळणांवरही लेप आहे का, आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षांची, हे लेखी घ्या. कंप्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी कॉइलला लागू होत नाही. घरात असलेल्या एसीसाठी दर तीन-चार महिन्यांनी आउटडोअर साध्या पाण्याने धुवा, क्षार निघून जातात. इनडोअरची कॉइल मात्र खिडकी उघडी ठेवून एसी चालवल्यानेच जास्त खराब होते, म्हणून नाल्याकडची खिडकी एसी चालू असताना घट्ट लावा.

एकदा छिद्र पडलेली कॉइल झाळून घेतली तर किती टिकेल? छिद्र एकच आणि बाकी तांबं लालसर असेल तर झाळा. सगळी नळी काळी पडली असेल तर शेजारचं छिद्र वाटेतच असतं, कॉइलच बदला.

११. गळती काढली. आता गॅस भरताना मी उभं राहून काय बघू?

आधी पाइपांत नायट्रोजनचा दाब देऊन थोडा वेळ काटा स्थिर राहतो का ते तपासतात. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची. याला वेळ लागतो, पाच मिनिटांत होत नाही. काही जण पंप न आणता थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. तसं करू देऊ नका, आत राहिलेली ओल पुढे कंप्रेसर खाते. शेवटी गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून भरायचा. किती ग्रॅम, ते आउटडोअरवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. जास्त भरला तरी कूलिंग कमी होतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

कोणता गॅस तेही त्याच पट्टीवर असतं. जुन्या एसींत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, हल्ली बहुतेकांत आर-३२ आणि काहींत आर-२९०. एकाच्या जागी दुसरा भरायचा नसतो. आर-३२चा दाब आर-२२च्या दीडपटीहून जास्त आहे आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो तर चांगलाच पेट घेतो. म्हणून आत गॅस असताना झाळायचं नाही, खिडक्या उघड्या, देवाजवळचा दिवा विझलेला, बिडी-सिगारेट लांब.

१२. आउटडोअर घूंऽऽ करतो, मग खट् करून बंद पडतो. पुन्हा तेच.

इन्व्हर्टर नसलेल्या एसीत हे बहुधा कपॅसिटरचं लक्षण. कंप्रेसरला सुरुवातीचा रेटा देणारा तो डबा उन्हाने फुगतो, त्याचा दम कमी होतो. मीटरने मोजून, छापलेल्या आकड्यापेक्षा फार खाली आला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा लावतात. छोटं आणि स्वस्त काम आहे, त्यामुळे 'कंप्रेसर गेला' ऐकून लगेच हो म्हणू नका, आधी कपॅसिटर बदलून बघायला सांगा. स्वतः मात्र उघडू नका. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते आणि जबर झटका देते.

इन्व्हर्टर एसीत हीच तक्रार असेल तर पीसीबी तपासावा लागतो. इनडोअरवर दिसणारा कोड किंवा दिव्याची उघडझाप मोबाइलवर चित्रित करून ठेवा.

१३. संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हाच एसी गार करत नाही. स्टॅबिलायझर लावू का?

आधी घरातलं वायरिंग बघा. एसी तासभर चालल्यावर मेन बंद करून प्लग काढा आणि त्याच्या पिना जवळून बघा. एक पिन तपकिरी झाली असेल, प्लास्टिक मऊ पडून वितळल्याचा वास येत असेल, तर जोड ढिला आहे. व्होल्टेज तिथेच पडतंय आणि आग लागायची भीती आहे ती वेगळी. नौपाड्याच्या जुन्या इमारतींत आणि सिडकोच्या पहिल्या वसाहतींत एसीला दिव्यांच्याच वायरवरून जोड दिलेला सापडतो. एसीला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची वायर हवी.

घरातलं सगळं ठीक असेल आणि शेजाऱ्यांकडेही तसंच होत असेल तर महावितरणला १९१२ वर तक्रार करा. पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये असायला हवा. एकट्याने करण्यापेक्षा चार फ्लॅटनी वेळ आणि व्होल्टेज लिहून तक्रार दिली तर ट्रान्सफॉर्मरवरचा भार तपासला जातो.

स्टॅबिलायझर साध्या एसीला लावाच. इन्व्हर्टर एसीच्या माहितीपत्रकात तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. तुमच्याकडे व्होल्टेज त्याच्या आत राहत असेल तर गरज नाही.

१४. नवीन इन्व्हर्टर एसी घेतला. पहिला अर्धा तास थंडगार वारा, मग नुसता कोमट. जुना बरा होता.

खोलीचं तापमान बघा. २४ ला पोहोचली असेल तर सगळं बरोबर चाललंय. जुना एसी पूर्ण जोरात चालायचा, मग पूर्ण थांबायचा, त्यामुळे झुळूक गार लागायची. इन्व्हर्टर मंद होऊन तेवढंच तापमान धरून ठेवतो. अंगावर थंड हवा हवीच असेल तर एखादा अंश कमी करा. खोली २८ वर अडकली असेल आणि वारा कोमट असेल, तर मात्र तक्रार खरी आहे. प्रश्न १ पासून सुरू करा.

१५. जुलैत खोली गार होते पण चादर ओलसर लागते. दमट हवेचा एसीवर काय परिणाम?

एसीला दोन कामं असतात: हवा गार करणं आणि तिच्यातली वाफ पाणी करून काढणं. एक लिटर पाणी काढायला सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता ओढावी लागते. दमट दिवसांत तासाला दोन लिटर पाणी पडत असेल तर दीड टनाच्या एसीची चौथा हिस्सा ताकद नुसत्या पाण्यात जाते. नाशिकच्या पाहुण्यांना आपल्याकडचा एसी कमी वाटतो तो यामुळे.

पावसाळ्यात बाहेर २७ अंश असताना एसी २४ ला पटकन पोहोचतो आणि थांबतो, वाफ काढायचं राहूनच जातं. तेव्हा 'ड्राय' मोड वापरा आणि कपडे वाळत घातलेल्या खोलीचं दार बंद ठेवा. एका खोलीत दोन दोऱ्या ओल्या कपड्यांच्या असतील तर कुठलाही एसी हरतो.

१६. गारवा कमी आणि भिंतीवर पाणी, दोन्ही एकदम.

बर्फ वितळून पाणी ओघळत असेल तर प्रश्न ८ वाचा. बर्फ नसेल तर ड्रेन पाइपात शेवाळ अडकलंय किंवा पाइपाला उतार नाही. त्याचा गारव्याशी संबंध नसतो.

१७. घर बदललं, वागळे इस्टेटहून खारघरला. एसी उतरवून लावला तेव्हापासून कूलिंग निम्मं.

नव्या बसवणीतही हीच तक्रार येते, म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्र देतो. उतरवताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून वॉल्व्ह बंद करायचे असतात. घाईत तो हवेत सुटतो. लावताना व्हॅक्यूम न करणं, जुन्या पाइपाचं चिरलेलं तोंड तसंच बसवणं, भिंतीच्या कोपऱ्यात पाइपाला घडी पडणं, ही नेहमीची कारणं. घडी पडली की तिथे गॅस चिमटला जातो. पाइपावर हात फिरवत जा, दबलेली जागा हाताला कळते. दोन्ही पाइपांना वेगवेगळं फोम हवं. एकत्र गुंडाळले असतील तर सुटे करून घ्या.

पेटीतून साधारण ३ मीटर पाइप येतो. हॉलपासून डक्टपर्यंत ८-१० मीटर नेला असेल तर वाढीव गॅस मोजून भरावा लागतो, किती ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं.

नव्या एसीत असं झालं तर खाजगी माणसाकडून उघडू नका, वॉरंटी जाते. कंपनीकडे लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक जपा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

१८. जाळी, गॅस, व्होल्टेज सगळं तपासलं. सगळं ठीक. तरी गार नाही!

अशा घरांत मी मशीन सोडून खोलीत फिरतो. फॉल्स सीलिंगच्या कडेच्या फटीतून गार हवा वर जात असते. खुल्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असतो आणि जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी गरम हवा दाराखालून आत येते. इनडोअरच्या वर आठ-दहा इंचांवर लॉफ्ट असतो किंवा समोर कपाट उभं असतं. मग बाहेर आलेली गार हवा तशीच पुन्हा आत ओढली जाते, एसीला वाटतं खोली गार झाली आणि तो थांबतो.

तसंच फसतं ते सेन्सरमुळे. जाळीमागे कॉइलसमोर एक छोटा मण्यासारखा सेन्सर असतो. सर्व्हिसिंगनंतर तो क्लिपमधून निसटून कॉइलला टेकला तर खोली ३० असताना त्याला १८ वाटतं. सर्व्हिसिंग झाल्याच्या दिवसापासून तक्रार सुरू झाली असेल तर पहिला संशय यावर घ्या.

आणि क्वचित, कंप्रेसर चालतो, आवाज करतो, पण आतून झिजल्यामुळे दाबच तयार करत नाही. दोन्ही बाजूंचे दाब आणि क्लॅम्प मीटरवरचा करंट एकत्र बघितल्याशिवाय हे निदान कोणी करू नये.

१९. दहा वर्षं जुना एसी. कॉइल बदलू की नवा घेऊ?

कपॅसिटर, पंख्याची मोटर, सेन्सर, नटाची गळती: डोळे झाकून दुरुस्त करा. कॉइल किंवा कंप्रेसर गेला असेल आणि एसी आर-२२चा असेल, तर माझ्या मते नवा घ्या. एकच भाग गेला असेल आणि एसी पाच-सहा वर्षांचा असेल तर दुरुस्तीच परवडते. खाडीकाठी राहत असाल तर हा हिशोब एक-दोन वर्षं अलीकडे ओढा, कारण एक कॉइल गेली की दुसरीही त्याच हवेत तितकीच वर्षं उभी असते.

जुना देताना गॅस हवेत सोडून तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. आर-२२ ओझोनला मारक आहे, तो सिलिंडरमध्ये परत काढून घेता येतो. नवा एसी देणारे दुकानदार जुना बदल्यात घेतात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. उतरवायला येणाऱ्याकडे गॅस काढून घेण्याचं मशीन आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.